व्यसन निकोटिनचे की व्यवस्थेचे?

अर्थशास्त्राच्या पहिल्याच पाठात विद्यार्थ्याला घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकविला जातो. पहिल्या आंब्याने जे समाधान मिळते ते दुसऱ्याने मिळत नाही आणि पाचव्या आंब्याची तर इच्छाही उरत नाही. मात्र हा नियम सांगत असतानाच त्याचे अपवादही सांगावे लागतात. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात संगीताचे उदाहरण दिले होते. चांगले संगीत जितके ऐकावे तितकी त्याची गोडी वाढत जाते. पुढे १९८८ साली गॅरी बेकर आणि केविन मर्फी या शिकागोच्या अर्थशास्त्रज्ञांनी व्यसनी माणूसही आपल्या परीने भविष्याचा हिशेब करूनच वागतो, असे प्रतिपादन केले. या दोन्ही विवेचनांत एक प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. एकच द्रव्य एका रूपात माणसाला जन्मभर बांधून ठेवते आणि दुसऱ्या रूपात त्याचा फारसा पगडा बसत नाही, हे कसे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. निकोटिनची पट्टी दंडावर चिकटवून सिगारेट सोडण्याचा प्रयत्न जगभर लाखो लोकांनी केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिनच्या अशा पर्यायी उपचारांना २००९ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. सिगारेटमध्ये जे निकोटिन असते तेच या पट्टीतही असते. तथापि पट्टीची तलफ आली म्हणून रात्री अकरा वाजता दुकानदाराला उठविणारा मनुष्य कोणी पाहिलेला नाही. सिगारेटसाठी मात्र असे घडते. तेव्हा व्यसनाचे सारे खापर निकोटिनवर फोडून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने या रसायनशास्त्राच्या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात मिळते. मंचर-घोडेगाव सोडून भीमाशंकरच्या वाटेला लागले की डिंभे येते. घोड नदीवरील धरण, त्यामागचा जलाशय आणि त्याभोवतीच्या डोंगरउतारांवर महादेव कोळी, ठाकर व कातकरी समाजांच्या वाड्या-वस्त्या, असा हा मुलूख आहे. खरिपातील भात, हिरड्याची वेचणी, मासेमारी आणि मिळेल तेथे मजुरी यांवर येथील संसार चालतात. अशा संसारात रोजच्या रोज रोख पैसा मागणाऱ्या ज्या थोड्या वस्तू आहेत त्यांत तंबाखूचा क्रमांक वरचा आहे. माणसाला ती वस्तू टाळता का येत नाही हे समजल्याखेरीज त्या संसाराचा हिशेब समजणार नाही.

वेगाचे गणित

सिगारेटचे पहिले बळ तिच्या वेगात आहे. ओढलेला धूर फुप्फुसात जातो, तेथील विस्तीर्ण पृष्ठभागावरून निकोटिन रक्तात उतरते आणि दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. पट्टीतून तेच निकोटिन कित्येक तास थेंबाथेंबाने झिरपत असते. कृती आणि तिचे फळ यांतील अंतर जितके कमी तितका तो धडा मेंदूत पक्का बसतो. एका सिगारेटचे दहा झुरके धरले तर दिवसाला वीस सिगारेटी ओढणारा मनुष्य हा धडा दिवसातून दोनशे वेळा आणि वर्षातून त्र्याहत्तर हजार वेळा गिरवीत असतो. इतक्या वेळा गिरविलेला पाढा कोण विसरेल?

हा वेग तंबाखूला निसर्गतः लाभलेला नव्हता. चिरूटाचा धूर अल्कधर्मी आणि जळजळीत असतो, त्यामुळे तो बहुधा तोंडातच खेळविला जातो. बंद कोठारात उष्ण हवेने वाळविलेल्या पानाचा धूर त्या मानाने आम्लधर्मी व सौम्य होतो आणि म्हणूनच तो छातीत ओढता येतो. याला यंत्राची जोड मिळाली. अमेरिकेत जेम्स बॉन्सॅक याला सिगारेट वळण्याच्या यंत्राचे पेटंट १८८१ साली मिळाले आणि हाताने वळली जाणारी महाग सिगारेट पैशापासरी झाली. छातीत जाऊ शकणारा धूर आणि सर्वांना परवडणारी किंमत यांची गाठ पडल्यानंतरच सिगारेट जगाच्या गळ्यात पडली.

धुरातील साथीदार

दुसरे कारण असे की, धुरात निकोटिन एकटे नसते. डोपामीन या द्रव्याचा सुखद अनुभवांशी निकटचा संबंध आहे आणि निकोटिनमुळे मेंदूत ते स्रवते. त्याचा निचरा करण्याचे काम मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाची विकरे करतात. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत जोॲना फाउलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवून दिले की, सिगारेट ओढणाऱ्यांच्या मेंदूत यांपैकी 'ब' प्रकारच्या विकराचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलेले असते. ही घट निकोटिनमुळे होत नाही. धुरातील इतर घटक ती घडवून आणतात. निकोटिन पाण्याचा नळ सोडते आणि हे साथीदार खालची मोरी तुंबवून ठेवतात, असे ढोबळपणे म्हणता येईल. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांतही या विकराला अडविले असता निकोटिनची ओढ कितीतरी वाढल्याचे आढळले.

साथीदार आणखीही आहेत. तंबाखूत मुळात असलेली आणि वरून घातलेली साखर जळली की ॲसिटाल्डिहाइड तयार होते. निकोटिनबरोबर हे द्रव्य दिले असता कोवळ्या वयाच्या उंदरांना नुसत्या निकोटिनपेक्षा त्या जोडीची ओढ अधिक लागते, असे प्रयोगांत दिसले आहे. मेन्थॉल घशाला गारवा देऊन धुराची बोच लपविते आणि नवशिक्याचा पहिला ठसका सुसह्य करते. अमोनियाच्या संयुगांमुळे निकोटिनचा काही अंश मुक्त रूपात येतो, आणि ते रूप शरीरात अधिक सहजतेने शिरते. या शेवटच्या उपायाचा प्रत्यक्ष परिणाम किती, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. कंपन्यांनी मात्र तो जाणूनबुजून योजिला होता, हे त्यांच्याच कागदपत्रांवरून दिसते.

हे सारे उत्पादकांना ठाऊक नव्हते असे समजण्याचे कारण नाही. निकोटिन हे व्यसन लावणारे द्रव्य आहे आणि आपला धंदा ते विकण्याचाच आहे, अशी नोंद एका बड्या अमेरिकन कंपनीच्या कायदेविषयक प्रमुखाने १९६३ सालीच करून ठेविली होती. असे असताना १४ एप्रिल १९९४ रोजी सात तंबाखू कंपन्यांचे प्रमुख अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे उभे राहिले आणि निकोटिन व्यसन लावीत नाही असे आपले मत असल्याचे शपथेवर सांगते झाले. विक्रेत्याला मालाचे सर्व ज्ञान आणि ग्राहकाला जवळजवळ काहीच नाही, अशा बाजारात ग्राहकाने विचारपूर्वक निवड केली असे म्हणणे धाडसाचे आहे.

तळहातावरचे रसायन

येथपर्यंतची कथा अमेरिकेची झाली. महाराष्ट्रात सिगारेट हे तंबाखूचे मुख्य रूप नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत होते. धूम्रपान करणारे होते अवघे ३.८ टक्के, तर तोंडात तंबाखू धरणारे वा लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला प्रश्न चंचीचा, पुडीचा आणि मिश्रीच्या डबीचा आहे. तरीही सिगारेटच्या अभ्यासातून मिळणारा धडा येथे तंतोतंत लागू पडतो.

डाव्या तळहातावर तंबाखूची चिमूट घ्यावी, नखाने चुना लावावा, उजव्या अंगठ्याने मळावे, दोन थापा मारून भुकटी उडवावी आणि बार ओठाखाली ठेवावा, हे दृश्य कोणाच्या परिचयाचे नाही? त्यातील चुना चवीपुरता असतो अशी समजूत आहे. वास्तविक तो मोठे काम करतो. चुन्याच्या अल्कधर्मामुळे तंबाखूतील निकोटिन मुक्त रूपात येते आणि तोंडाच्या नाजूक अस्तरातून भराभर रक्तात उतरते. कारखान्यात जे काम अमोनियाकडून करून घेण्याचा प्रयत्न झाला, तेच आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तळहातावर होत आले आहे. गुटख्याने याच्या पुढची पायरी गाठली. त्यात तंबाखू आणि चुन्याच्या जोडीला स्वतःच चटक लावणारी सुपारी आली, गोडवा आला, सुगंध आला. मेन्थॉलने घशासाठी जे केले ते या सुगंधाने शाळकरी पोरांच्या जिभेसाठी केले.

मिश्रीची गोष्ट अधिक गंभीर आहे. तव्यावर काळी होईतो भाजलेली तंबाखू कुटून हिरड्यांना लावण्याची सवय पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, आणि तिला व्यसन म्हणण्याची प्रथा नाही. ते दात घासणे समजले जाते. त्यामुळे गरोदरपणातही ती सुटत नाही. मुंबईत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. अर्धपोटी मातेच्या पोटी येणाऱ्या बाळाच्या बाबतीत हे शंभर ग्रॅम क्षुल्लक मानता येणार नाहीत.

भूक, पाऊस आणि सुटे पैसे

रसायनांच्या जोडीला परिस्थिती उभी असते. निकोटिन भूक मारते. आषाढाच्या झडीत गुडघाभर चिखलात भाताची लावणी करणाऱ्याला दोन घासांच्या ऐवजी एक बार पुरतो. तंबाखू मागणे व देणे हा शिष्टाचाराचा भाग आहे. ज्याच्याशी बोलणे नाही त्याच्याकडेही चुन्याची डबी मागता येते. कामाची सुटी, चहाचा घोट, गाडीची वाट पाहणे, या प्रत्येक क्षणाशी ती सवय जोडली जाते आणि नंतर तो क्षणच तलफ जागी करतो. पट्टीला असा चहा नाही, असा सोबती नाही. तिची पकड बसत नाही याचे हेही एक कारण आहे.

आणि शेवटी येते किमतीचे रूप. हिरड्याचे पैसे हंगामात एकदा येतात, मजुरी आठवड्याने मिळते, पण तंबाखू मात्र रोज आणि सुट्या पैशांत मिळते. सबंध पाकीट घेताना मनुष्य एकदा तरी विचार करतो. एक सिगारेट किंवा एक पुडी घेताना त्याला विचार करण्याजोगी रक्कमच समोर दिसत नाही. समजा, एखाद्या मजुराचे रोज वीस रुपये या सवयीवर जातात. वर्षाचे ७,३०० रुपये झाले. हीच रक्कम एकदम मागितली असती तर त्याने दिली नसती. टपरीच्या खांबाला दोरीने बांधलेला लायटर आणि फोडलेले पाकीट ही व्यसनाची तितकीच महत्त्वाची अंगे आहेत, जितके धुरातील ॲसिटाल्डिहाइड.

या अंगावर घाव घालण्याचा प्रयत्न राज्य सरकारने केला नाही असे नाही. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुट्या सिगारेट व विडीच्या विक्रीवर बंदी घातली. ती किती पाळली जाते हे कोणत्याही एस.टी. थांब्यावर पाहता येईल. गुटख्यावरील २००२ ची बंदी सर्वोच्च न्यायालयात २००४ साली टिकली नाही. २०१२ साली अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे ती पुन्हा आली. त्यानंतर व्यापाऱ्यांनी पानमसाल्याची एक आणि तंबाखूची दुसरी अशा जोड-पुड्या काढल्या. मिसळण्याचे काम ग्राहकाकडे सोपविले. अर्थशास्त्रात पूरक वस्तूंचे उदाहरण म्हणून चहा व साखर सांगतात, त्यात ही जोडी खुशाल घालावी. बंदी एका मालावर आली की बाजार तोच माल सुटा करून विकतो, हा अनुभव धोरण आखणाऱ्यांनी लक्षात ठेवला पाहिजे.

कराचे धोरणही असेच विसंगत आहे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत सिगारेट व गुटख्यासारखे पदार्थ ४० टक्क्यांच्या गटात घालण्याचे ठरले. विडीवरील कर मात्र २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. विडी वळणाऱ्या स्त्रियांचा रोजगार हे त्याचे समर्थन. सिन्नर, संगमनेर, सोलापूर येथील विडी कामगारांची चिंता खरी आहे आणि तंबाखू पिकविणाऱ्या शेतकऱ्याचीही. १९८१ साली निपाणीला तंबाखूच्या भावासाठी झालेले शेतकऱ्यांचे आंदोलन आणि त्यात पोलिसांच्या गोळ्यांनी गेलेले बळी ज्यांना आठवतात ते हा प्रश्न हसण्यावारी नेणार नाहीत. परंतु त्याच आंदोलनाने हेही दाखविले की, या धंद्यातील नफा पिकविणाऱ्याच्या हाती राहत नाही. कामगार स्त्रीला दुसरे काम मिळवून देण्याऐवजी तिच्याच घरातील पुरुषाला विडी स्वस्त करून देणे हे कल्याण कसले? २०१७-१८ या वर्षात तंबाखूजन्य रोग व मृत्यू यांमुळे देशाला सोसावा लागलेला बोजा सुमारे १ लाख ७७ हजार कोटी रुपयांचा, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहून अधिक होता, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. करसवलतीचा हिशेब या आकड्याशेजारी ठेवून करावयास हवा.

उपदेशाची मर्यादा

यावर एक ठराविक उत्तर ऐकू येते. सोडायचे ठरविले तर काहीही सुटते, इच्छाशक्ती पाहिजे, बस्स. निश्चयाने तंबाखू सोडणारे लोक आहेत आणि त्यांचे कौतुक झालेच पाहिजे. परंतु वेग, साथीदार रसायने, भूक, सोबत आणि सुटे पैसे या पाचांच्या कैचीत सापडलेल्या माणसाला एकट्या निश्चयाच्या बळावर सुटण्यास सांगणे म्हणजे पुरात सापडलेल्याला पोहण्याचे महत्त्व समजावून देण्यासारखे आहे. शाळांतून तंबाखूमुक्तीची शपथ देविली जाते. तिला विरोध नाही. पण शपथ घेऊन फाटकाबाहेर पडणाऱ्या मुलाला समोरच टपरी दिसत असेल तर त्या शपथेची किंमत मुलाला लगेच कळते. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने मनाई आहे. अल्पवयीनाला तंबाखू देणे हा २०१५ च्या बालन्याय कायद्याने सात वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. नवे कायदे मागण्यापूर्वी आश्रमशाळांच्या आसपास हे दोन कायदे अमलात आणून दाखवावेत.

त्याचबरोबर कायद्याची दृष्टीही थोडी बदलली पाहिजे. २००३ च्या कायद्यात वेष्टनावरील माहितीच्या संदर्भात निकोटिन व टार यांच्या मात्रेचा उल्लेख आहे. वर दाखविल्याप्रमाणे मात्रा हा व्यसनाचा केवळ एक भाग आहे. मालात साखर, मेन्थॉल, सुगंध काय घातले, त्याचा अल्कधर्म किती, हे उत्पादकाने जाहीर केले पाहिजे आणि जे केवळ चटक लावण्यासाठी घातले जाते त्यावर बंदी आली पाहिजे. कॅनडाने २०१७ मध्ये आणि युरोपीय संघाने २०२० मध्ये मेन्थॉल सिगारेटी बंद केल्या. तेव्हा हे अशक्य कोटीतील मागणे नव्हे.

डिंभ्यासारख्या भागात याहून साध्या गोष्टींचा उपयोग होईल. जे निकोटिन गोळीच्या वा पट्टीच्या रूपात माणसाला सोडवू शकते ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळावे. विषाचे नाव एकच असले तरी त्याची दोन रूपे वेगळी आहेत, हे तेथील कर्मचाऱ्याने रुग्णाला सांगावे. गरोदर स्त्रीच्या तपासणीत मिश्रीची चौकशी रक्तदाबाइतक्याच नेमाने व्हावी. आशाताईंनी ती रागे न भरता करावी, कारण रागाने बाई डबी टाकीत नाही, फक्त लपविते. आणि लावणीच्या दिवसांत मजुराला बांधावर वेळेवर भाकरी मिळेल, हे पाहणेही व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमातच मोडते.

डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे. ते याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाची मालमोटार अडविताना त्यांनी प्राण दिला. मुंबईतील या गिरणी कामगाराला एक गोष्ट पुरती उमगली होती. आपण काय विकत घेतो हे आपल्या एकट्याच्या मर्जीवर ठरत नाही, त्यामागे विकणाऱ्याची व्यवस्था उभी असते आणि तिला एकट्याने नव्हे तर समाजाने अडवावे लागते. त्यांच्या नावाच्या पाण्याकाठी आज जी माणसे चिमूटभर तंबाखूने भूक मारून शेतात उतरतात, त्यांना दुबळ्या मनाची म्हणणे सोपे आहे. त्यांच्या हातातील पुडी कोणी, कशी आणि किती हिशेबाने बांधली हे विचारणे अवघड आहे. शिकल्या-सवरल्या माणसांनी यापुढे हे अवघड काम पत्करावे.